हेल्मेट देवयानीकडे

पृथ्वीराज पडला तेव्हा देवयानी पाणी पीत होती. बाटली तिथेच टाकून ती मैदानात पळाली. वय पंचावन्न, गुडघ्याला पट्टा, पायाखाली गारठून कडक झालेलं गवत, पण पळाली.

"कुठे लागलं?"

"नथिंग, मावशी. आय ॲम फाइन."

फाइन! या पोरांना दुसरा शब्दच येत नाही. हाड मोडून बाहेर आलं तरी फाइन.

टोरांटोतल्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमची देवयानी थेरपिस्ट. हा आपला पायांचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं करायचं, असा हा खेळ. नागपूरहून ती फिजिओथेरपीची डिग्री घेऊन आली, तर इथे त्या डिग्रीला कुणी विचारेना. मग शहराबाहेर वॉनच्या वेअरहाउसमध्ये खोकी उचलली, जमेल तसा अभ्यास करून इथल्या परीक्षा दिल्या. तेव्हा टोरांटोच्याच एटोबिको भागातल्या एका बेसमेंटमध्ये शेजारच्या खोलीत वनिता आणि तिचा नवरा राहायचे. पृथ्वीराज त्या वनिताचा. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर त्याला पहिली आंघोळ देवयानीनेच घातली होती.

आज सेमिफायनल. हरले की सीझन संपला. पृथ्वीराजचं हे शेवटचं वर्ष, आणि एका व्यावसायिक टीमची माणसं त्याला बघायला स्टँडमध्ये बसलेली. त्यात आज जुन्या सीझनचा सोहळा म्हणून सगळ्यांच्या अंगावर एकोणीसशे नऊच्या टीमसारखे पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट. सकाळीच कोचने पोरांना कॉरिडॉरमधल्या त्या टीमच्या फोटोपुढे उभं करून सांगितलं होतं, हा कॅप्टन खांदा मोडलेला असताना शेवटपर्यंत खेळला. खरं आहे. पण शेजारीच सीझनअखेरचा फोटो आहे आणि त्यात पहिल्या फोटोतला डावीकडचा उंच पोरगा नाही. डोक्याला मार लागला, तसाच खेळत राहिला, आठवड्यात गेला. फोटोखाली स्वच्छ लिहिलंय. कोच तेवढं सांगत नाही.

देवयानीने पृथ्वीराजला बाकावर बसवलं आणि डोक्याला मार लागलाय का ते तपासायला लागली. तिने सांगितलेले शब्द त्याने लगेच परत म्हटले. महिने डिसेंबरपासून उलटे म्हटले, तेही धडाधड. तिचं समाधान होईना. ही पोरं उलटे महिने सीझनच्या आधीच पाठ करून ठेवतात. काही शहाणे तर डोकं ठणठणीत असताना घेतलेल्या पहिल्या टेस्टमध्ये मुद्दाम चुकतात, म्हणजे पुढे मार लागला तरी फरक दिसायला नको. इतका अभ्यास कॉलेजात केला असता तर!

"तेराचा पाढा म्हण," ती म्हणाली. "उलटा."

तो हसला. बापूंनी, त्याच्या आजोबांनी, व्हिडिओ कॉलवर घोटून घेतलेले पाढे. शनिवारच्या मराठी शाळेत हेच उलटे म्हणून तो टाळ्या घ्यायचा.

"तीसासे, सतरोदरसे, चारोदरसे, एक्क्याण्णव..." तो थांबला. "एक्क्याण्णव..." नजर तिच्या खांद्यावरून कुठेतरी गेली. "वेट. एक्क्याण्णव."

देवयानीने त्याच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं, औषधांच्या पेटीत कोंबलं आणि पेटीवर बसली. हसू नका, या धंद्यात असंच करतात. हेल्मेटशिवाय पंच आत सोडत नाहीत, आणि नुसतं नको म्हटलेलं या वयात कुणाला ऐकू येतं?

कोच आला. "परत तपास."

"तपासलं. तो बसणार. डॉक्टरांनाही कळवलंय."

"सगळी उत्तरं बरोबर दिली म्हणतोय तो!"

"तुम्हाला कळली तेवढी बरोबर दिली."

तेवढ्यात स्टँडच्या कठड्याशी वनिता आली. "देवयानी! अगं, बसलाय का हा?"

"डोक्याला लागलंय."

"चालतोय, बोलतोय की! ती माणसं त्याच्यासाठी आलीयेत. दहा मिनिटं सोड, मग घेऊन जा कुठे न्यायचं ते."

"नाही सोडणार."

"तुझा असता तर सोडला असतास!"

देवयानीला मूल नाही. हे वनिताइतकं कुणालाच माहीत नव्हतं. देवयानीने मान वळवली आणि म्हणून तिला दिसलं: पृथ्वीराज उठून शेजारच्या पोराचं हेल्मेट डोक्यात घालत होता.

"पृथ्वी! खाली ठेव!"

तो मैदानाच्या रेषेकडे निघाला. तिने मागून त्याचा पट्ट्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. केवढा धिप्पाड! तिला तीन पावलं फरफटत नेलं त्याने, मग थांबला आणि एकदम मुकाट बाकावर येऊन बसला. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

शेवटचा चेंडू त्याच्या जागी आलेल्या पोराच्या हातून निसटला. मॅच गेली.

स्टँड रिकामा होऊ लागला, तशी वनिता खाली उतरली. चेहरा लाल. "झालं मनासारखं?"

देवयानी वाकून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होती.

पृथ्वीराजने वर बघितलं. "मॉम? तू लवकर आलीस." मग देवयानीला म्हणाला, "मावशी, माझं हेल्मेट कुठंय? मॅच कधी सुरू होणार?"

वनिताने समोरच्या बोर्डाकडे पाहिलं. त्यावर हरल्याचा आकडा अजून लखलखत होता. मग तिने मुलाकडे पाहिलं.

"पृथ्वी, बेटा..."

"गाडी कुठे लावलीयेस?" देवयानीने विचारलं. "हॉस्पिटलात सांगून ठेवलंय. वाट बघतायत."

वनिताने पर्समधून किल्ली काढली. ती हातातून निसटली. तिने उचलून देवयानीच्या हातात दिली.

"तू चालव," ती म्हणाली आणि गवतावर गुडघे टेकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली.