पेडलवरचा पाय

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी पॉवर प्रेसवर होतो तेव्हा माझी एक ख्याती अख्ख्या प्रेस शॉपमध्ये होती: याला झोप लागत नाही. ही ख्याती मीच पसरवली होती. आमचं घर शेंद्र्याचं, मेंढरांमागं फिरणारं. आमच्यात कमी झोपणाऱ्याला मान असे आणि ती मिजास मी कारखान्यातही घेऊन आलो होतो.

उभ्यानं झोपायला मला बापानं शिकवलं. काठीवर हनुवटी टेकवायची, एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला लावायचा. डोळा लागला की तो पाय आपोआप घसरतो, जमिनीला टेकतो आणि आपण जागे होतो. दहाव्या वर्षी मला हे जमत होतं. शाळेत पास होण्यापेक्षा याचा अभिमान जास्त होता.

प्रेसवर आम्ही दोघं असायचो. पत्रा मोठा, एकट्याला पेलायचा नाही. माझा जोडीदार तो हातांनी डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, सरकवायचा, नीट बसवायचा आणि ‘हां’ म्हणायचा. ‘हां’ आलं की मी पायानं पेडल दाबायचं आणि वरून ठोका यायचा. ‘हां’ म्हणण्याआधी तो हात बाहेर काढायचा. एवढंच काम, दिवसातून शेकडो वेळा.

जोडीदार शहरातल्याच एका वस्तीतला, विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत मनापासून उतरलेला. त्याचं अक्षर देखणं होतं. मोर्चाचे फलक, कापडी बॅनर, भिंतींवरच्या घोषणा, त्यांच्या भागातलं सगळं लिखाण त्याच्या उजव्या हाताचं. आमच्या गावात नामांतराच्या विरोधात बोलणारे बरेच होते. मी त्याच्या डब्यातलं खातो हे कळल्यावर दोघा-चौघांनी मला ऐकवलंही. मी खात राहिलो. यात धैर्य वगैरे काही नव्हतं, त्याच्या घरची भाजी चांगली असायची.

त्या महिन्यांत कधी बंद असायचा, कधी संचारबंदी. पुढच्या पाळीची माणसं पोचायची नाहीत, मग आम्हालाच थांबवून घेत. सुटल्यावर जोडीदार घरी जाऊन झोपायचा. मी सायकल मारत शेंद्र्याला जायचो आणि मेंढरं माळावर न्यायचो, कारण बापाचे गुडघे धरले होते. झोप दोन-तीन तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. चहात साखरेऐवजी मीठ घातलं, ते हसण्यावारी नेलं. बापावर खेकसलो आणि घटकाभरानं कशावरून ते आठवेना. एकदा सायकलवर विमानतळ मागं पडल्याचं कळलं आणि त्यानंतर एकदम आमच्या गावची विहीर समोर आली. मधला रस्ता कुठं गेला, पत्ता नाही. तरी मला अगदी ठीक वाटत होतं. आता सवय झाली, असं मी जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, “एकदा आरशात बघ.” मी काही बघितलं नाही.

त्या दिवशी शहर बंद होतं. आम्ही रात्रपाळी करून पुढच्या पाळीला तसेच थांबलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. माझा पाय पेडलच्या वर असलेल्या लोखंडी पट्टीवर टेकलेला होता आणि भार दुसऱ्या पायावर. मी माळावर उभा राहतो तसाच उभा होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ठोका पडला. डायमधला पत्रा वाकडा दाबला गेला होता. जोडीदार अर्धवट वळून बाहीनं कपाळाचा घाम पुसत होता. तो घाम आला नसता तर त्याचा हात आत असता.

त्यानं मेन स्विच पाडला. ओरडला नाही. माझ्यासमोर येऊन विचारलं, “मी ‘हां’ कधी म्हणलो?”

“आत्ताच की.”

“नाय म्हणलो.”

मी वाद घातला. मी ते ऐकलं होतं, त्याच्याच आवाजात. देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली असती तरी घेतली असती. मग मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कळलं, तो खरंच ‘हां’ म्हणाला नव्हता. मी खोटं बोलत नव्हतो, आणि त्याचीच मला भीती वाटली.

“लई दिवस झाले बघतोय तुला,” तो म्हणाला. “आजपासून तू पेडलवर असलास तर मी पत्र्याला हात लावणार नाय. साहेबाला तू सांगतो का मी सांगू?”

साहेबाला मीच सांगितलं. शॉपमधले हसले, ख्याती गेली आणि मला पॅकिंगला टाकलं. त्या दुपारी घरी जाऊन बापाला सगळं सांगितलं. पाय घसरला तेही सांगितलं. वाटलं होतं, निदान तो तरी माझी बाजू घेईल.

बाप गुडघ्याला तेल चोळत होता. म्हणाला, “पाय खाली आला का काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची आन आडवं व्हायचं. पाय कशापायी वर धरतेत, तुला काय वाटलं?”

“हे तुम्ही कधी सांगितलंच नाय.”

“तू पोरगा व्हतास. तुझ्याजवळची काठी मीच घेत व्हतो.”

मी तसाच आडवा झालो. उठलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती आणि मेंढरं चुलतभावाकडं गेली होती. ती कायमचीच गेली. मला वाईट वाटलं, पण परत मागायला तोंड नव्हतं.

पुढं मी शहरात, गारखेड्यात राहायला आलो आणि जोडीदारानं दुसरी कंपनी धरली. बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्या दिवशी मी गेटकडं गेलो. गर्दी मावत नव्हती. कमानीजवळच्या कापडी बॅनरवरचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. त्याखालीच तो उभा होता, कानशिलं पांढरी झालेली, बोटांना निळा रंग. मला बघून त्यानं हात पुढं केला. मी तो दोन्ही हातांत धरला. एकेक बोट माझ्या हाताला लागत होतं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

“सोड की आता,” तो म्हणाला. “झोपला का काय उभ्यानं?”