पाखरीचा खुराक

आमच्या शिरूर भागात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांपुढं घोडी पळवतात. रखमाजीमामांची पाखरी पुढं असली की गाडीवाले निर्धास्त. आणि मामा तर असे मिरवायचे, जणू घाटात ते स्वतःच पळालेत! ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची.

पाखरीचा पुढचा पाय सुजायला लागला, तसं मामांनी कुणाला न विचारता सुजेच्या गोळ्या आणल्या आणि रोज गुळातून चारल्या. घाटाच्या आदल्या संध्याकाळपासून घोडी उपाशी ठेवायची रीत; हलकी पळते म्हणे. त्या रिकाम्या पोटी गोळी दुप्पट. पाय बरा दिसायचा, मामा खूश.

गावची यात्रा तोंडावर आली आणि पाखरीनं कडबा सोडला. लीद पातळ झाली. सारखी दात खायची, वळून पोटाकडं बघायची. मुक्तामामी तर रडायलाच लागल्या. शेवटी मीच दौंडहून जनावरांच्या डॉक्टर अनुपमाताईंना घेऊन आलो.

"काही औषध चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई बा. औषध कवाच दिलं न्हाई."

मामा खोटं बोलत नव्हते, हे त्याहून वाईट. सुईनं जातं ते औषध आणि गुळातून जातो तो खुराक, अशी त्यांची समजूत!

अनुपमाताई सुई भरू लागल्या. "यानं कळ थांबेल, सूजही उतरेल."

"सुजंचं व्हय? ती गोळी तर रोज खुराकात हाय की."

ताईंचा हात थांबला. "मामा, त्या गोळ्यांनीच हिच्या पोटात जखमा झाल्यात, आतडी सुजलीत. त्यात तुम्ही तिला उपाशी ठेवता! ही सुईही त्याच जातीची; दिली असती तर घोडी हातची गेली असती."

मामांनी पाखरीच्या मानेवर हात ठेवला. "म्हंजी मीच..." माझा सगळा राग तिथंच विरघळला.

गोळ्या बंद झाल्या, पोटाचं औषध सुरू झालं. पुढ्यात सतत चारा ठेवायचा आणि घाट कायमचा बंद, असं ताईंनी बजावलं. मामांनी एवढंच विचारलं, "जगंल ना?"

"खायला लागली तर जगेल."

यात्रेच्या सकाळी भोंग्यावरून मामांच्या नावाचा पुकारा सुरू झाला. घाटात घोडी हवी होती. यात्रा कमिटीचे हौसराव आप्पा धावत गोठ्यात आले. "आरं रखमाजी, गाड्या खोळंबल्यात! चल की!"

मामांच्या हातात हिरव्या गवताची पेंढी होती आणि पाखरी त्यातून एकेक घास ओढत होती. मामांनी मान वळवली नाही.

"हळू बोला, आप्पा," ते म्हणाले. "ती जेवतीया."