जेबेझ ‘बस’ म्हणाला होता

आजही क्रॅडलीच्या गुत्त्यात कोणी जेबेझ ट्रोमन्सचं नाव काढलं की म्हातारे डोक्यावरच्या टोप्या काढतात. “मरेपर्यंत ‘बस’ म्हणाला नाही! गडी असावा तर असा!” मी ऐकते आणि माझं टाळकं सरकतं. कारण तो म्हणाला होता. त्याची बायको डॉर्कस हे सांगून सांगून थकली, पण लोकांना ते ऐकायचंच नव्हतं.

डॉर्कस आणि मी एकाच छपराखाली खिळे घडवायचो. मधे भट्टी, भोवती ऐरणी. ती तोंडाची फटकळ, आणि हात असा की तापलेल्या कांबीला दोन-तीन घावांत टोक काढायची. जेबेझ तिच्या उलट. मोठा, शांत, सावकाश चालणारा. जत्रेत एका नावाड्यानं डॉर्कसला घाण शिवी दिली. जेबेझनं त्याला एका बुक्कीत कालव्यात पाडलं आणि मग स्वतःच उडी टाकून बाहेर काढलं. लोखंडाच्या कारखान्याचा मालक रेव्हनहिल काठावर उभा होता. त्यानं बुक्की तेवढी पाहिली.

झालं. जेबेझला त्यानं आपल्या घरी नेऊन ठेवलं. रोज गोमांस, रोज डोंगर चढायचा, मुठी मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. इकडे आम्ही करडे वाटाणे उकडून खात होतो. टिप्टनच्या खाणीतला ईनॉक पार्डो म्हणून एक गडी होता, त्याच्यामागे दुसरा कोणी साहेब. साहेबांनी आपसात पैज लावली आणि या दोघांची उघड्या मुठींची लढत ठरली.

डॉर्कसनं जेबेझला विचारलं होतं, “तुझं त्या ईनॉकशी भांडण काय?”

“काहीच नाही.”

“मग?”

“आमच्या साहेबांचं त्याच्या साहेबांशी आहे.”

“मग साहेबांना सांग की, काढा कोट आणि उतरा दोरीच्या आत!”

जेबेझ नुसता हसला. त्याच्या दिमतीला डॉर्कसचाच भाऊ सायलस होता, म्हणून तिला जरा धीर वाटत होता. गडी खाली पडला की फेरी संपते. मग दिमतीच्या माणसानं त्याला मांडीवर बसवायचं, स्पंजानं तोंड पुसायचं आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा मधल्या रेषेवर आणायचं. नाही झेपलं तर स्पंज वर फेकायचा, की लढत खलास. सायलसच्या हाती एवढंच होतं, आणि ते पुष्कळ होतं.

राजा विल्यम वारला त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. लढत कायद्याला मंजूर नव्हती, म्हणून ओढ्यालगत दोन परगण्यांच्या हद्दीवर रिंगण बांधलं. इकडचे शिपाई आले की खुंट उपटून तिकडे जायचं. शिपाई आलेच नाहीत म्हणा. बायकांनी तिथं जायची रीत नव्हती. आम्ही कामावर होतो. दुपार कलताना एक गाडीवान दारात थांबला. खाली उतरला नाही, वर पाहिलं नाही.

“डॉर्कस, एखादी चादर घेऊन ओढ्याकाठच्या खानावळीत जा,” म्हणाला.

तिनं कांब भट्टीतच टाकली आणि पळत सुटली. मी तिच्या मागोमाग.

खानावळीमागच्या कोठारात जेबेझ पेंढ्यावर पडला होता. चेहरा राहिलाच नव्हता. मी त्याला बुटांवरून ओळखलं. शेजारी ईनॉक पार्डो बसलेला, स्वतःच्या मुठी पावासारख्या फुगलेल्या, आणि त्या हातांनी चिंधी पिळून जेबेझच्या ओठांवर पाणी सोडायला धडपडत होता. दुसरं कोणी नाही. भिंतीपलीकडे साहेबलोक जेवत होते. भाजल्या मांसाचा वास येत होता, हसण्याचे आवाज येत होते.

डॉर्कसनं ईनॉकचे केस धरले. त्यानं मान सोडवली नाही.

“मार, बाई. पण आधी ऐकून घे. तो ‘बस’ म्हणाला होता. मी ऐकलं. मी हात खाली घेतले. तर मागून तुमचे साहेब ओरडले, ‘उठव त्याला, सायलस! उठव!’ त्यानं काखेत हात घालून आणला आणि रेषेवर उभा केला. माझे साहेब म्हणाले, मारत नसशील तर तू हरलास.”

“आणि तू मारलंस.”

“मारलं.”

तिनं त्याचे केस सोडले. दिवस मावळायच्या आत जेबेझ गेला.

वूस्टरच्या कोर्टात पिंजऱ्यात उभा होता तो एकटा ईनॉक. डॉर्कस आणि मी चालत गेलो. सायलसची साक्ष झाली. गड्यानं ‘बस’ म्हटलेलं ऐकलं असं तो बोलला असता, तर त्यालाही पिंजऱ्यात उभं केलं असतं.

“मी काही ऐकलं नाही, हुजूर. तो शेवटपर्यंत लढायलाच मागत होता.”

डॉर्कस उठून उभी राहिली. “सायलस! तुझ्या मांडीवर होता ना रे तो! त्याचं तोंड तुझ्या कानाशी होतं!”

न्यायाधीश मवाळ आवाजात म्हणाले, “बाई, तुमचं दुःख आम्ही समजतो. तुमच्या नवऱ्याला मारणाऱ्याला शिक्षा होईल.”

“मारणारा तो तिथं बसलाय!” तिनं बोट केलं. रेव्हनहिल पुढच्या बाकावर बसला होता, मांडीवर हातमोजे ठेवून. “त्याला विचारा! त्याला का विचारत नाही?”

दुःखानं हिचं डोकं ठिकाणावर नाही, असं म्हणून तिला बाहेर काढलं. ईनॉकला वर्षभर सक्तमजुरी. रेव्हनहिलला कोणी नावसुद्धा विचारलं नाही.

पुढं सायलसला रेव्हनहिलच्या तबेल्यात काम लागलं. जेबेझवर गाणं निघालं, बाजारात कागदावर छापून विकायला आलं. शनिवारी गुत्त्यात लोक सायलसला दारू पाजायचे आणि तो रंगवून सांगायचा, माझा मेहुणा ‘बस’ कधी म्हणालाच नाही. डॉर्कसच्या कानावर गेलं तेव्हा तिनं हातोडा खाली ठेवला, कमरेपुढं बांधलेलं कातडं सोडून मला दिलं आणि सरळ गुत्त्यात शिरली. मी दारात उभी राहिले.

“सायलस, उभा राहा.”

“अगं डॉर्कस, बस ना, एक पेला घे—”

तिनं त्याच्या तोंडावर ठोसा दिला. जन्मभर घण मारलेला हात तो. सायलस बाकावरून मागं पडला. तिनं गळपट्टी धरून त्याला उठवलं, भिंतीला टेकवून उभं केलं.

“काय म्हणाला होता जेबेझ?”

“सोड ना गं, वेडी झालीस का?”

दुसरा ठोसा. माणसं उठली, पण पुढं कोणी आलं नाही.

“बस!” सायलस रडत ओरडला. “बस कर, ताई!”

“मला ऐकू आलं नाही,” ती म्हणाली आणि पुन्हा मारलं.

“म्हणाला होता!” सायलसच्या तोंडातून रक्त येत होतं. “दोनदा म्हणाला! साहेब मागं उभे होते, मी काय करू? दोनदा म्हणाला गं!”

अख्ख्या गुत्त्यानं ऐकलं. तिनं त्याला सोडलं, तसा तो भिंतीवरून घसरत खाली बसला.

दोन आठवडे तिला तुरुंगात टाकलं, भावाला मारलं म्हणून. तिथून आली तेव्हा हात सुजलेला. सायलसचा दात बोटात रुतून जखम पिकली होती, ते बोट पुढं कधी वळलंच नाही. मी म्हटलं, बरं झालं, एकाला तरी धडा मिळाला. तर माझ्यावरच उसळली.

“कसलं बरं? हाताशी सापडला त्याला मारलं. ज्याला मारायचं त्याच्या फाटकाला कुलूप आहे.”

सायलस गाव सोडून वेल्समध्ये गेला. पण गाणं कोणी थांबवलं नाही. जे त्या शनिवारी गुत्त्यात हजर होते तेही गातात. पुढं लढतीचा नियम बदलला: गड्यानं स्वतःच्या पायांनी रेषेवर यायचं, कोणी उचलून आणायचं नाही. पाद्रीबाबा खुशीनं सांगायला आले, आता सुधारणा झाली म्हणून.

डॉर्कस म्हणाली, “म्हणजे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.” पाद्रीबाबा उठून गेले.

ईनॉक सुटला तो आमच्या छपरापाशी येऊन उभा राहिला. मुठी मिटत नव्हत्या, खाणीत कोणी घेईना. डॉर्कसनं पायानं भात्याचा दांडा त्याच्याकडे सरकवला; तो नुसत्या मनगटानंही ओढता येतो. गावानं नाही नाही ते बोलून घेतलं. नवऱ्याला मारणारा घरात घेतला म्हणाले. ती तर ईनॉकशी रोज भांडायची: वारा कमी घालतोस, कोळसा जास्त जाळतोस. तोही तोंडाला तोंड द्यायचा. मरेपर्यंत त्यानं तो भाता ओढला.