ताईचा दगड

वेधशाळेत त्याला सगळे ‘घुबड’ म्हणत. रात्रभर दुर्बिणीपाशी जागायचं आणि दिवसा खुर्चीत डुलक्या काढायच्या, मग दुसरं काय म्हणणार? या घुबडाला एकदा लागोपाठ घेतलेल्या फोटोंत एक ठिपका सरकताना दिसला. भोवतालचे तारे जागच्या जागी आणि हा एकटाच पुढे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या गर्दीतला एक लघुग्रह, आजवर कुणाच्याही नजरेस न पडलेला.

तो तडक थोरल्या बहिणीकडे गेला. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. शर्टांच्या कॉलरी शिवून शिवून तिची पाठ वाकली, लग्न राहिलं ते राहिलंच.

“ताई, शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. तुझं देणार.”

“चल, काहीतरीच!” ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला सांगून मोकळी झाली.

पण अशा दगडाला लगेच नाव मिळत नाही. आधी त्याचा मार्ग पक्का ठरावा लागतो, आणि याला सूर्याभोवती एका फेरीलाच पाच वर्षं लागत होती. मधल्या काळात कळलं, की तो कोळशासारखा काळा आहे, लांबुडका आहे आणि स्वतःभोवती अगदी रेंगाळत फिरतो. “माझ्यावरच गेलाय मेला,” ताई लाडाने म्हणायची. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “काय गं, तुझा दगड कुठवर आला?”

नाव सुचवायची वेळ आली, तेव्हाच विभागप्रमुखाची जागा रिकामी होत होती. घुबडाने संचालकसाहेबांचं नाव पाठवून दिलं. लाज वाटली का? वाटली की! पण लाजेने कुणाचा हात धरलाय? नाव मंजूर झालं, आणि एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही. साहेब म्हणाले, “अरे वा, सभागृह, शिष्यवृत्ती आणि आता माझ्या नावाचा दगड!” आणि जागा स्वतःच्या जावयाला दिली. तेलही गेलं, तूपही गेलं.

महिनाभर तो ताईकडे फिरकला नाही. मग एक दिवस जाऊन दगडाला कुणाचं नाव दिलं आणि कशासाठी, ते सांगितलं. तिने मशीन थांबवलं.

“मग खुर्ची मिळाली?”

“नाही.”

आता मात्र तिचे डोळे भरून आले.

“अरे, मला विकलंसच, तर निदान किंमत तरी नीट घ्यायची होतीस.”