तिप्पट फीचं कॉलेज आणि आमचा दादा

आमचा दादा सोफे शिवतो. फाटके, बसके, कुरकुरणारे सोफे लोक त्याच्याकडे आणून टाकतात आणि तो त्यांना पुन्हा माणसात आणतो. दुकानाचा गल्ला आणि गिऱ्हाईक मी सांभाळते, कारण दादाला कुणालाच नाही म्हणता येत नाही आणि मला ते फार छान येतं. मी त्याच्याहून सात वर्षांनी धाकटी, पण उधारीवाले मला बघून रस्ता बदलतात.

दादाची एक खोड आहे. सोफा आला की तो आधी उलटा करायचा, खालचं कापड उचकटायचं आणि आत डोकं घालायचं. मग बाहेर येऊन त्या घराची कुंडलीच मांडतो. "यांच्याकडे टीव्ही डाव्या हाताला आहे." "इथे माणसं चार, पण बसतो एकटाच." एकदा एका बाईंना त्यांच्या नवऱ्यादेखत म्हणाला, "साहेब रात्री सोफ्यावरच झोपतात वाटतं?" ते गिऱ्हाईक मी परत कसं आणलं ते माझं मला माहीत.

त्याला एकुलती एक मुलगी. जन्मापासून एका जागी बसली नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. सोफेवाल्याच्या घरात न बसणारी पोर, आता बोला! शाळा संपली आणि तिने जाहीर केलं की तिला जहाजं आखायला शिकायचंय. जहाजं! आम्ही समुद्र पाहिलाय तो कॅलेंडरवर. आमच्या राज्यात हा विषय शिकवतच नाहीत. शेजारच्या राज्यात, बंदराच्या गावात एक सरकारी कॉलेज आहे, तिथे तिने परस्पर अर्ज केला आणि नंबर लागलासुद्धा.

पत्र आलं तेव्हा दादाचे पाय भुईला लागेनात. मी दुसरं पान वाचलं. त्या राज्यातल्या मुलांना फी एवढी, आणि बाहेरच्यांना बरोबर तिप्पट. शिवाय राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा.

"तिप्पट कशासाठी?" मी म्हटलं. "बाहेरच्या मुलांना तीन तीन खुर्च्या देतात की काय?"

माझं म्हणणं सरळ होतं. आपल्या गावात कॉलेज आहे, यंत्रांचं शिक्षण मिळतं, फी परवडते, पोरगी घरी जेवेल, घरी झोपेल. दादाने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "मागची खोली विकू."

मागच्या खोलीत कापण्याचं मोठं टेबल आहे, दोन मशिनं आहेत, फोमचे गठ्ठे आहेत. पुढच्या खोलीत फक्त मी आणि गल्ला. मागची विकली तर दादाने सोफे काय माझ्या डोक्यावर शिवायचे? वहिनी नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला बोलायचं असतं ते ती माझ्याकडून बोलवून घेते.

"एवढी किंमत आहे का रे त्या कॉलेजची?" मी विचारलं.

"न बघता मी कधी भाव सांगितलाय?" दादा म्हणाला. "आधी बघून येऊ."

मुलांना आणि पालकांना कॉलेज दाखवायचा एक दिवस असतो, त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी का गेले? दादा एकटा गेला असता तर कॉलेजच विकत घेऊन आला असता म्हणून. तिथे पाण्याची एक लांबलचक टाकी आहे, तीत जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून बघतात. भिंगरी त्या टाकीच्या काठाला जी चिकटली ती हलेचना. अर्धा तास एका जागी! मी मनात म्हटलं, मेलो आपण.

तेवढ्यात दादा गायब. शोधत शोधत मी एका मोठ्या वर्गात गेले, तर हा पहिल्या रांगेतल्या खुर्चीखाली उताणा झोपलेला. फक्त चपला बाहेर. माझ्या मागोमाग किल्ल्यांचा जुडगा घेतलेल्या एक बाई आल्या. वर्गांची देखभाल त्यांच्याकडे होती.

"अहो, काय हरवलंय तुमचं?" त्या कडाडल्या.

"पहिल्या रांगेचा फोम पार संपलाय," खालून आवाज आला.

"मग ऑफिसात तक्रार लिहून द्या. झोपताय काय!"

"तक्रार कसली बाई, आनंद आहे!" दादा धूळ झटकत उठला आणि त्याने त्यांना अख्खा वर्ग फिरवून दाखवला. पुढच्या तीन रांगांचं रेक्झिन बसून बसून पांढरं पडलेलं, आणि शेवटच्या रांगा नव्यासारख्या कडक. आमच्या गावच्या कॉलेजचं काम दोन वर्षांपूर्वी दादानेच केलं होतं. तिथे शेवटची रांग खिळखिळी झालेली, ब्लेडने कोरलेली, आणि पहिल्या रांगेवरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. "इथे पोरं पुढे बसतात हो," तो म्हणाला. त्याचे डोळे नुसते चमकत होते. "पुढे बसून शिकतात!"

मी कपाळाला हात लावला. लोक प्राध्यापक बघतात, नोकऱ्या किती लागल्या ते विचारतात. आमच्या माणसाने खुर्च्यांच्या बुडावरून कॉलेज पास केलं.

पण बाई हसायला लागल्या. दादाने पिशवीतून स्टेपल गन काढली. हो, तीही आणली होती. बोलता बोलता त्याने दोन खुर्च्या ठीक करून दिल्या. बाई खूश. मग त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "तिप्पट भरू नका. जो एक वर्ष या राज्यात राहून पगारावर काम करतो, त्याला नंतर इथलाच धरतात. चारही वर्षं साधी फी. लेखी दिलं तर जागा वर्षभर राखून ठेवतात. कुणी विचारत नाही, म्हणून कुणाला माहीत नाही." बंदरावर बोटींच्या सीट शिवणारा एक कारखाना होता, त्याच्या मालकाला कायम माणसं हवी असत. त्याचा नंबरही त्यांनी दिला.

दादाने नंबरचा कागद माझ्या हातात कोंबला आणि परतीच्या वाटेवर अवाक्षर काढलं नाही. माझ्या पोटात मात्र काही राहत नाही. बसमध्ये मी भिंगरीला सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "खोलीला गिऱ्हाईक आहे. उद्या बोलणी करतो."

"नको," भिंगरी म्हणाली. "मी आधी वर्षभर तिकडे जाते. सीट शिवते. तुम्ही शिकवलंयच की."

आणि आमचा दादा, जो आयुष्यात कुणावर ओरडला नाही, तो ताट बाजूला सारून ओरडला. "माझी मुलगी दुसऱ्याच्या दारात सीट शिवणार नाही! त्याच्यासाठी शिकवली का तुला?"

भिंगरी दचकली, पण हटली नाही. "बाबा, तुम्ही शिवता ते वाईट आहे का?"

दादाने बोटं एकमेकांत अडकवली आणि सोडवली. "काम वाईट नाही गं," तो शेवटी म्हणाला. "पाठ मोडते. आणि पांढऱ्या केसांच्या माणसालासुद्धा लोक 'ए सोफेवाल्या' म्हणून हाक मारतात. मला वाटलं होतं, तुझ्या वाट्याला ते एक दिवसही येऊ नये."

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. गल्ल्यावर बसून मीही ती हाक रोज ऐकते आणि सुटे पैसे मोजून देते.

"एक वर्ष मारतील हाक," भिंगरी म्हणाली. "पण खोली विकलीत ना, तर मी तिथे पहिल्या रांगेत बसूनसुद्धा तुम्ही आता टेबल कुठे मांडत असाल याचाच विचार करीन. मग मला काय डोंबल शिकता येणार?"

आणि तेव्हा वहिनी बोलली. स्वतःच्या तोंडाने! "तिला जाऊ द्या," एवढंच म्हणाली आणि दादाचं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मीच कारखान्याच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, मुलीच्या हातची एक गोल कडेची सीट पाठवा, पायपिंगसकट, म्हणजे कडेला दोरी भरलेली पट्टी शिवून. टाका सरळ असला तर पंधरा दिवसांत रुजू व्हा. भिंगरी तीन दिवस मागच्या खोलीत बसून होती. हो, बसून! चौथ्या दिवशी तिने सीट आणून टेबलावर ठेवली.

"मी तपासल्याशिवाय या दुकानातून काही बाहेर जात नाही," दादा म्हणाला.

ते आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. कामाच्या बाबतीत त्याने 'नाही' म्हटलं की विषय संपतो, भिंगरीनेही वाद घातला नसता. त्याने नुसतं म्हणायचं, की पायपिंग सैल आहे. खोली विकली जाणार, तिप्पट फी भरली जाणार आणि मुलगी कारखान्यात जाणार नाही. मी हिशेबाची बाई, मला खोली वाचायला हवी होती. पण पंधरा दिवसांत ही घरात नसणार हे डोक्यात आलं आणि मला वाटलं, निघू दे मेला एखादा टाका वाकडा. कॉलेज सुरू होईपर्यंत अजून चार महिने तरी राहील.

दादाने कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा उलटा फिरवला. कोपऱ्याशी थांबला, चष्मा पुसला आणि परत बघितलं. भिंगरी ओठ चावत उभी होती.

"हा कोपरा," तो रागावल्यासारखा म्हणाला, "माझ्याहून चांगला आलाय."

आणि रडायला लागला. मग आम्ही सगळ्याच रडलो, त्यात काय लपवायचं? एक गिऱ्हाईक दारात आलं, त्याला मी उद्या या म्हणून हाकललं.

पार्सल दादाने स्वतः बांधलं. पाठवणाऱ्याच्या जागी आम्ही दुकानाचा शिक्का मारतो. मी शिक्का पुढे केला. त्याने तो बाजूला ठेवला, पेन घेतलं आणि ठसठशीत अक्षरात मुलीचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, कारागीर.