सरावाची बाही

कपड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. पुठ्ठ्यावर शर्टाचा साचा आखायचा आणि कापायचा, यात त्यांची उभी हयात गेली. हे काम ते कुणाला न विचारता शिकले होते. उस्तादाला काही विचारलं की तो म्हणायचा, "डोळे काय शोभेला दिलेत?" मग मास्तर कोपऱ्यातल्या चिंध्या उचलायचे, कापायचे, बिघडवायचे, पुन्हा कापायचे. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या जागेची, गोलाई अशीच हातात बसली.

मालकांनी साचे काढायला कॉम्प्युटर आणला, तेव्हा शिकवायला एक ऑपरेटर मुलगीही नेमली.

"काही अडलं तर हाक मारा, मास्तर."

"आधी माझं मी करून बघतो."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ते एकेक बटण दाबत बसायचे. रेघ नाहीशी व्हायची, बाही उलटी व्हायची, मग मागे कसं यायचं ते शोधायचे. सापडलं की स्वारी खूश. घरी आल्या आल्या सांगायचे, "आज कॉलर जमली."

"त्या पोरीला विचारा की," बायको म्हणायची.

"विचारून आलेलं टिकत नाही गं."

चिंधी बिघडली तर फेकून देता यायची. पडद्यावर मात्र सरावाचा साचा आणि खरा साचा सारखेच दिसायचे. एका दुपारी त्यांनी बाहीची माया, म्हणजे शिलाईसाठी कडेने सोडलेलं कापड, काढून टाकून पाहिलं. आपण नक्कल उघडलीय अशीच त्यांची समजूत होती. बंद करताना पडद्यावर प्रश्न आला, केलेले बदल ठेवायचे का? त्यांनी 'हो' दाबलं आणि डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी कापणीच्या मशीनने त्याच साच्यावरून थरच्या थर कापले. शिवायला घेतल्यावर कळलं, एकही बाही मुंढ्याला पुरत नव्हती. तसलं कापड पुन्हा मिळेना. ऑर्डर हातची गेली आणि शिवणाऱ्या बायकांची एक अख्खी रांग मालकांनी घरी बसवली. त्या रांगेत मास्तरांची धाकटी मेहुणीही होती. त्यांनीच शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं.

ऑपरेटर मुलगी चिडली नाही. "सरावाला वेगळी जागा असते, मास्तर. मी दाखवली असती."

"मग दाखवली का नाहीस?"

"तुम्ही मला कधी बसूच दिलं नाहीत जवळ."

मास्तरांना काढलं नाही, तयार शर्टांच्या घड्या घालायला पाठवलं. मेहुणीने त्यांच्या घरी येणं सोडलं. ते एकदा तिच्या दारापर्यंत गेले. दार उघडून ती म्हणाली, "ताई नाही आली?" नाही म्हटल्यावर ती आत वळली. ते तसेच परतले.

आता मास्तर सगळं विचारतात. घडी घालण्याआधी शेजारच्या बाईला विचारतात, "बाही आत घेऊ ना?" ती मान डोलावते. पुढच्या शर्टाला पुन्हा विचारतात. परवा बायकोने फाटलेली उशी, ठिगळासाठी एक चिंधी आणि कात्री त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी अभ्रा उलटसुलट केला, कात्री हातात घेतली, खाली ठेवली.

"कुठून कापू?" त्यांनी विचारलं.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग उशी उचलून आत नेली.