मिलिंदनं मोकळी सोडलेली ओळ

मिलिंद गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानं केला. मी शाळेत तास घेत होतो. सकाळी छातीत कळ आली आणि संपलं, म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा आठवलं ते वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत मी लिहिलेलं त्याच्या अल्बमचं परीक्षण.

कॉलेजात आमचा बँड होता. तो गिटार वाजवत गायचा, मी ड्रम बडवायचो. त्याचे वडील मुकुंदवाडीत भीमगीतांच्या गायन पार्टीत गायचे, ते सगळं याच्या गळ्यात उतरलं होतं. दरवर्षी जयंतीला तो मला वस्तीतल्या कार्यक्रमाला बोलवायचा आणि माझ्या गारखेड्यातून शेजारची मुकुंदवाडी म्हणजे जणू परमुलूख, अशा थाटात मी दरवर्षी काहीतरी सबब सांगायचो. बँड मोडल्यावर त्यानं एकट्याचा अल्बम केला. शब्द, चाली, गिटार, हलगी, सगळं त्याचंच. मला विचारलंसुद्धा नाही, हे फार झोंबलं. त्यात परीक्षण लिहायला पुरवणीनं मलाच सांगितलं... मिलिंद म्हणाला, "आधी वस्तीत येऊन ऐक. मग काय लिवायचं ते लिव." मी नेहमीसारखं बघू म्हणालो आणि घरी हेडफोन लावून अक्कल पाजळली. कडव्याच्या शेवटी तो अर्धी ओळ गाऊन थांबायचा, नुसती हलगी वाजत राहायची. मी लिहिलं, गायकाचा दम पुरत नाही, गाणी अर्धवट वाटतात.

ते वाक्य गावभर झालं. ठरलेले दोन कार्यक्रम रद्द झाले. मिलिंदनं फोन केला, वाचलं म्हणाला, आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. भांडला असता तर बरं झालं असतं. नंतरही आम्ही भेटायचो, चहा प्यायचो, पण तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही... त्यानंही काढला नाही. दुसरा अल्बम मात्र त्यानं केलाच नाही.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी पहिल्यांदा त्याच्या वस्तीत गेलो. उज्ज्वलानं स्पीकरवर अल्बम लावला. मिलिंदनं अर्धी ओळ सोडली आणि मंडपातल्या बायका, म्हातारे, सगळ्यांनी ती उचलून पुरी केली. गायन पार्टीत ओळ अशीच सोडतात, ती कोरसनं धरायची असते. सगळ्यांना पाठ होती. माझी मान वर होईना. शेजारी बसलेली त्याची आई गाता गाता थांबली.

"तू का नाय धरत, बाळा? तुझा दोस्त थांबलाय की."

मला पुढची ओळ येत नव्हती.